पासिंगची तारीख आली अन् तालुक्याला कॅम्प नाही

कापूसकोंड्या | ३ नोव्हेंबर, रात्री ९.१२

राम राम मंडळी.

पांढरकवड्याहून आत, हायवे सोडून बारा-तेरा किलोमीटरवर आपलं गाव. घरी २०१६ चा छोटा हत्ती (मालवाहू टेम्पो) आहे. सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) होऊन आठ दिवस झाले, वेचणी जोरात आहे, रोज कापसाच्या एक-दोन खेपा होतात. आज जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) गेटवर रांगेत उभा होतो तर वॉचमननं कागद मागितले. पाहिले अन् म्हणाला, "भाऊ, तुमचं पासिंग १८ तारखेले संपते. मंग गाडी आत नाई घेणार."

मी म्हटलं यानं चुकीचं वाचलं. मागच्या वर्षीच तर केलं होतं, अन् पासिंग, म्हणजे गाडीचा फिटनेसचा दाखला, दोन वर्षांचा असते. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं. खरंच १८ नोव्हेंबर.

पहिले तालुक्याला कॅम्प लागायचा तेव्हा बरं होतं. सकाळी गाडी नेली, दुपारी शेतात परत. आता म्हणतात कॅम्पात पासिंग होतच नाही. मग जवळचं सेंटर कोणतं, नंबर कसा लावायचा, अन् पंधरा दिवसांत होईल का? ऐन हंगामात गाडी उभी राहिली तर भाड्याची गाडी लावावी लागते. तिचं भाडं म्हणजे एका क्विंटलमागचा फायदा गेलाच समजा.

पाना_पक्कड | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४५

दोन वर्षांचं असते, पण आठ वर्षांपर्यंतच भाऊ. बोटावर मोजा. सोळाले गाडी घेतली, पहिलं अठराले, मंग वीस, बावीस, चोवीस. चोवीसले आठ वर्षं पुरी झाली, तिथून पुढं दरवर्षी. मागच्या साली तुमच्या हाती एकाच वर्षाचा कागद आला, तुम्ही तो न वाचता खणात टाकला. लय जणांचं असंच होते. माह्या गॅरेजले महिन्यातून एक तरी गडी असा येतेच.

पंधरा दिवस भरपूर आहेत. घाबरू नका. पण उद्याच लागा कामाले.

बारा_चाकी | ३ नोव्हेंबर, रात्री १०.२०

कॅम्प काहून बंद झाला ते मी सांगतो, कारण मी तेव्हा तीन ट्रक घेऊन वणी ते जिल्ह्याचं ठिकाण असं येडं होऊन फिरलो आहे.

पहिले कॅम्पात काय व्हायचं? रेस्ट हाऊसच्या मैदानात गाड्या रांगेत, साहेब खुर्चीत. गाडीचं तोंड पाहिलं, हॉर्न वाजवला, लाइट लावला, झालं पासिंग. ब्रेक लागते का नाही ते देवाले ठाऊक. याच्यावर कोणीतरी कोर्टात गेलं. हायकोर्टानं सांगितलं की ब्रेक तपासाले २५० मीटरचा ट्रॅक पाहिजे, तो नसन तर फिटनेस देऊ नका. २०१७ च्या नोव्हेंबरात राज्यात जिथं ट्रॅक नव्हता तिथलं पासिंग बंदच पडलं. मोठ्या मोठ्या शहरातलं बंद पडलं, तिथं तालुक्याच्या रेस्ट हाऊसचं काय घेऊन बसले! तेव्हापासून कॅम्पात लायसनची कामं होतात, गाडीसाठी जिल्हा गाठा.

शिव्या मी बी दिल्या. एका ट्रकमागं दोन दिवस अन् टाकीभर डिझेल. पण खरं सांगू? कोळशाच्या रस्त्यावर गाडी चालवतो मी. समोरून येणाऱ्या चाळीस टनाच्या गाडीचा ब्रेक कोणीतरी एकदा तरी दाबून पाहिला आहे, हे मले बरंच वाटते.

मास्तर_रिटायर | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

कापूसकोंड्या, जिनिंगवाल्याने अडवले ते बरेच झाले म्हणायचे. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे फक्त पावती फाटण्याचा प्रश्न नसतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६ पाहा. भाडोत्री किंवा मालवाहू वर्गातल्या गाडीला फिटनेसचा दाखला नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे आरसी हातात असून नसल्यासारखी. अशात अपघात झाला तर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

माझ्या पुतण्याचे असेच झाले. चूक समोरच्या मोटारसायकलवाल्याची होती, तो दारू प्यायलेला होता. पण पुतण्याच्या पिकअपचा फिटनेस संपून एकवीस दिवस झालेले. चार वर्षे तारखा चालल्या. एकवीस दिवसांपायी.

आता नंबर लावण्याविषयी. परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, फिटनेसचा अर्ज करायचा, फी तिथेच भरायची आणि तारीख निवडायची. फी किती ते लिहीत नाही, ती गाडीच्या वजनावर आणि वयावर ठरते, वारंवार बदलते, पोर्टल दाखवेल ती खरी. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर बंद असेल तर आधी तेच काम. निम्म्या लोकांचे घोडे इथेच अडते.

कापूसकोंड्या | ४ नोव्हेंबर, दुपारी १.०५

मास्तर, घोडं तिथंच अडलं! आरसीला बाबांचा जुना नंबर आहे, ते सिम दोन वर्षांपासून बंद. आता सेतूवाल्या पोराकडं बसून नंबर बदलून घेतो.

आणखी एक. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक एजंट बसतो. तो म्हणतो साडेचार हजार द्या, गाडी न्यायची गरज नाही, कागद घरपोच. फी, चहापाणी सगळं त्यात. डिझेल, दिवसाची खोटी अन् जेवणखाण धरलं तर मला स्वतः जाऊन जवळपास तेवढंच पडते. मोह होऊन राहिला, खोटं कशाला बोलू.

शाळेची_गाडी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

नका करू दादा. मी हे भोगलंय म्हणून एवढं लिहिते.

माझ्या दोन व्हॅन आहेत, वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांतली मुलं शाळेत नेते-आणते. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मेमध्ये पासिंग करून घ्यायचं हे ठरलेलं. त्या वर्षी सासूबाई दवाखान्यात होत्या, मला वेळ नव्हता, म्हणून एकाला पैसे दिले. कोण, कुठला ते विचारू नका. दहा दिवसांनी त्यानं मोबाइलवर दाखल्याचा फोटो पाठवला. मी प्रिंट काढली, काचेला लावली, शाळेच्या फायलीत दिली.

ऑगस्टमध्ये रस्त्यात तपासणी लागली. साहेबांनी गाडी नंबर ॲपमध्ये टाकला. फिटनेस संपलेला. मी काचेवरचा कागद दाखवला तर त्यांनी तो दोनदा उलटसुलट केला, मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या दाखल्यावर माझा नंबर चिकटवलेला होता. व्हॅनमध्ये अकरा मुलं, बाहेर पाऊस. साहेब भला माणूस, त्यांनी आधी मुलं घरी सोडू दिली, मग गाडी जमा केली. संध्याकाळी एका पालकानं फोन करून फक्त एवढंच विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं का?"

माहीत नव्हतं. पण गाडी न दाखवता पास कशी झाली, हा प्रश्न मला मेमध्येच पडायला हवा होता. आता ऑनलाइन सगळं दिसतं. गाडीचे फोटोसुद्धा तपासणीच्या जागीच काढतात. घरपोच पासिंग ही गोष्टच राहिलेली नाही. जो देतो म्हणतो तो दुसरंच काहीतरी देतो.

बारा_चाकी | ४ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

ताईले हात जोडतो.

अर्ज भरून देणारा एजंट वेगळा, त्याचे दोनतीनशे रुपये द्या, त्यानं पोट भरू द्या. पण गाडी आपली आपणच न्यायची.

पाना_पक्कड | ४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

आता गाडीकडं या. कागदं होतीन, पण गाडी नापास झाली तर फेरा वाया जाते. मी अठ्ठावीस वर्षं पाने फिरवून रायलो. गाड्या मोठ्या बिघाडानं कमीच नापास होतात. दीडशे-दोनशे रुपयाच्या गोष्टी नडतात.

सगळ्यात पहिले चेसिस नंबर. आपल्या काळ्या मातीचा हा खास रोग आहे, पुण्या-मुंबईकडच्या मेकॅनिकले समजणार नाई. पावसाळाभर गाडी शेतात गेली, चिखल उडाला, वाळून सिमिटासारखा बसला, त्याच्यावर पुन्हा चिखल. लोखंडावर कोरलेला नंबर त्याच्याखाली. तपासणीवाला नंबर वाचते, कधी कागद लावून पेन्सिलीनं ठसा घेते. नंबर दिसला नाई तर तिथंच थांबा. मंग गडी तिथंच पडलेला पेचकस घेऊन खरवडते अन् एक आकडा बिघडवून ठेवते. ते तर आणखी मोठं लफडं, नंबर खोडला म्हणून संशय. असं करू नका. आदल्या दिवशी पाणी मारा, माती फुलू द्या, मंग रॉकेल नाई तर डिझेल लावून जुन्या टूथब्रशनं घासा. आकडे वर आले की थोडं ग्रीस लावा. घासकागद अजिबात नाई.

दुसरं, ब्रेक. मोकळ्या मातीच्या रस्त्यावर, कोणी नसतानी, तीसच्या स्पीडले एकदम दाबा अन् खाली उतरून मागं पाहा. चारही चाकाच्या रेघा सारख्या पाहिजेत. एका बाजूची रेघ फिकी असन तर त्या चाकाचा ब्रेक कमी. गाडी एका अंगाले ओढत असन तरी तेच. मागचं ड्रम खोलाले लावा. आत ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळते, लायनर तेलकट झाले. तेलकट लायनर घासून कामाचे नाई, बदलाच.

तिसरं, समोरचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग. डाव्या-उजव्या अंगानं धरून हलवा, खडखड आली तर टाय रॉड एंड. बेअरिंग लय वेळा नुसतं कसून भागते.

चौथं, टायर. खोबणीत आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटरच्या. रबर घासून त्या पट्टीच्या बरोबरीले आलं की टायर गेला. आपल्याकडं उन्हाळ्यात ४५ डिग्री तापते, असला टायर फुटाले वेळ लागत नाई.

बाकी हॉर्न, वायपर, दोन्ही आरसे, इंडिकेटर, मागचे लाल दिवे, रिव्हर्सचा दिवा, रिफ्लेक्टर पट्टी समोर पांढरी मागं लाल. काचेले तडा असन तर पाहून घ्या. हॅन्डब्रेक चढावर धरते का पाहा. नंबर प्लेट २०१९ च्या एप्रिलच्या आधीच्या गाडीले नवी बसवून घ्यायची आहे, ती नसन तर काम पुढं सरकत नाई. इन्शुरन्स चालू. पीयूसी, म्हणजे धुराचा दाखला, जिवंत. तुमची सोळाची म्हणजे बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमाची) असन, तिचं पीयूसी सहाच महिन्यांचं असते, ते ध्यानात ठेवा.

वरुडी_संत्रा | ४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

टायरचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे पासिंगपुरते टायर भाड्याने मिळतात. सकाळी चार नवे टायर लावायचे, दुपारी परत द्यायचे. संत्र्याच्या सीझनमध्ये त्या माणसाकडे रांग असते. दोन वर्षं मीही केलं. नव्या टायरचा खर्च बागेच्या पैशातून निघेपर्यंत थांबावं लागतं, काय करणार.

पाना_पक्कड | ४ नोव्हेंबर, रात्री १०.१२

करा ना. अन् दुपारी घासलेले टायर लावून त्याच गाडीत पोरंबाळं घेऊन सालबर्डीच्या जत्रेले जा.

वरुडी_संत्रा | ४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

भाऊ, टोमणा लागला. पण खेड्यातल्या माणसाचा हिशोबही बघा. गाडी वर्षाचे आठ महिने उभी, फीचा दर, डिझेल, दिवसाचा रोज, वर चार टायर. शहरातल्याला घराजवळ सेंटर आहे, तो सकाळी जाऊन दहाला दुकान उघडतो. आम्ही मोर्शी ओलांडून जाऊन-येऊन अख्खा दिवस घालवतो. नियम दोघांना एकच, अंतर मात्र फक्त आमच्या वाट्याला.

मास्तर_रिटायर | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

संत्रा यांचे म्हणणे अंतराबाबत बरोबर, टायरबाबत चूक. दोन्ही एका वाक्यात आले म्हणून दुसऱ्याला पहिल्याचा आधार मिळत नाही.

आणि कापूसकोंड्या, परवान्याची चिंता करू नका. एकूण वजन ३००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, छोटा हत्ती त्यात बसतो. लायसनबाबतही कुणी घाबरवेल. हलक्या मोटारीच्या लायसनवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे.

ट्रॅक्टरवाले_बापू | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

मधात तोंड घालतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीले बी हे दरवर्षी लागते काय? अन् शेजारचा म्हणते दिवसाले पन्नास रुपये दंड बसते, खरं काय?

मास्तर_रिटायर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

बापू, शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर खासगी गाडीसारखा, त्याची नोंदणी १५ वर्षांची. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. पण त्याच ट्रॉलीत भाड्याने रेती-गिट्टी वाहिलीत की तो शेतीचा उरत नाही.

पन्नास रुपये रोजचे विलंब शुल्क केंद्राच्या नियमात आहे. २०२४ मध्ये रिक्षावाल्यांनी त्यावर आंदोलन केले आणि त्या पावसाळ्यात राज्याने स्थगिती दिली. अर्ज भरताना पोर्टल काय आकडा दाखवते तो पाहा.

पाना_पक्कड | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

बापू, पासिंग राहू द्या, ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर तरी लावा. पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) भरलेली ट्रॉली रात्री दिसतच नाई. पऱ्हाटी बी काळी अन् रस्ता बी काळा.

कापूसकोंड्या | ८ नोव्हेंबर, रात्री ८.००

मोबाइल नंबर बदलून झाला, अर्ज झाला, फी भरली. १२ तारीख मिळाली. आमच्या अंगाला रोलरवालं सेंटर सुचवलं, मशीनवर तपासतात ते. गावापासून नव्वद किलोमीटर.

आज गॅरेजला गेलो. पक्कडभाऊ म्हणाले तसं चेसिसचा नंबर घासला. पाऊण तास! मातीच्या तीन थरांखाली चक्क कापसाचं एक बोंड सापडलं. कोणत्या सालचं कोण जाणे. बाबा पाहत होते, म्हणाले, पेरून पाह्य उगवते का.

ब्रेकच्या रेघा चारही दिसल्या, म्हणून ड्रम खोलले नाहीत. पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे, नंबर प्लेट उन्हाळ्यातच बसवली.

पाना_पक्कड | ८ नोव्हेंबर, रात्री ८.२५

ड्रम खोलाले पाहिजे होते.

झाडीपट्टी | ८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मशीनवर जाताय तर एक गोष्ट सांगतो जी, गोंदियाकडून. माणसाच्या तपासणीत अन् मशीनच्या तपासणीत फरक आहे. साहेब गाडी चालवून पाहतो, ब्रेक लागला की त्याच्या मनात लागला. मशीन प्रत्येक चाक वेगळं धरतो. चाकं रोलरवर चढवतात, रोलर फिरतो, ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगतात, अन् डाव्या-उजव्या चाकाचा जोर आकड्यात येतो. मातीवर रेघ सारखी दिसली तरी रोलरवर फरक निघू शकतो जी. पुढं साइड स्लिपची पाटी, सस्पेन्शन, हेडलाइटच्या झोताचा मशीन, धूर. डिझेल गाडीला सायलेन्सरमध्ये नळी घालून रेस करायला लावतात, तुमच्या बीएस-३ ला धुराची मर्यादा ६५.

केंद्रानं १ ऑक्टोबर २०२४ पासून जड-हलक्या सगळ्याच भाडोत्री अन् मालवाहू गाड्यांसाठी मशीनचं सेंटर सांगितलं. पण सेंटर उभी राहिली तिथं मशीन, नाही तिथं अजून जुनीच रीत. म्हणून कोणाला एक अनुभव येतो, कोणाला दुसरा. गाडी कोणत्याही आरटीओची असली तरी मशीनच्या सेंटरवर चालते, तेवढा एक फायदा.

सकाळी थंड इंजिनवर धुराला जाऊ नका. नव्वद किलोमीटर चालवून जाताय, गरमच असेल, चांगलं.

कापूसकोंड्या | १२ नोव्हेंबर, रात्री ९.५०

नापास.

सविस्तर लिहितो, थोडा राग निवळला आहे. पहाटे साडेचारला निघालो, डब्यात भाकरी-ठेचा, सोबत धाकटा भाऊ. साडेसातला पोहोचलो तर पुढं नऊ गाड्या. अकराला नंबर लागला.

चेसिस नंबर पाहून त्या पोरानं मान हलवली, "असा साफ नंबर फार कमी पाहायला मिळतो." तिथं छाती फुगली. मग रोलर. पुढची चाकं ठीक. मागची चढवली, ब्रेक दाबा म्हणाला, दाबला. पुन्हा दाबा. पुन्हा दाबला. उजव्या चाकाचा आकडा आला त्याच्या निम्म्याहूनही कमी डाव्याचा. मी म्हटलं मशीन बिघडली असेल. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही, पुढच्या गाडीला तोच रोलर बरोबर आकडा देत होता.

दुसरं हेडलाइट. दिवाळीत भावानं हौसेनं पांढरे एलईडी बल्ब बसवले होते. उजेड भरपूर, पण झोत पसरट अन् वरती. समोरच्याच्या डोळ्यात जाणारा. तिथंही लाल. धूर मात्र पास, हॉर्न पास, बाकी सगळं पास.

रिपोर्ट हातात दिला. दुरुस्ती करून ३० दिवसांच्या आत पुन्हा आणा, फेरतपासणीची फी वेगळी. परत येताना भाऊ एक शब्द बोलला नाही. बल्ब त्यानंच आणले होते.

पाना_पक्कड | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

उद्या सकाळी गाडी घेऊन या. आधी बोललो होतो थे आता बोलत नाई.

शाळेची_गाडी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.३०

दादा, वाईट वाटून घेऊ नका. निम्म्या ब्रेकवर तुम्ही भरला कापूस घेऊन उतार उतरत होतात, ते आज कळलं. ३० दिवस मिळाले तरी १८ तारीख तीच आहे, तोवरच उरका.

कापूसकोंड्या | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

डावं मागचं ड्रम खोललं. आत काळं तेल, लायनर चिपचिपीत, बोट लावलं तर साबणासारखं घसरलं. व्हील सिलिंडरचं रबर फाटून पाझरत होतं, थेंब बाहेर पडत नव्हता म्हणून कधी दिसलं नाही. ब्रेक ऑइल मी दर महिन्याला थोडं थोडं टाकत होतो अन् समजत होतो की गाडी जुनी झाली, पिते थोडं.

दोन्ही बाजूचे लायनर बदलले, सिलिंडर बदललं, हवा काढली. पक्कडभाऊंचे पाय धरायचे बाकी आहेत. जुने पिवळे बल्ब परत लावले. रात्री गॅरेजच्या भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी लावून झोत जुळवला. भिंतीवर दिव्याच्या उंचीची खडूनं रेघ मारली, डिपरचा उजेड त्या रेघेच्या वीतभर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवला. १७ ची तारीख मिळाली.

बारा_चाकी | १३ नोव्हेंबर, रात्री ८.१०

ब्रेक ऑइल "पीत" नसते राजेहो. इंजिन ऑइल एकवेळ पिते. ब्रेक ऑइल कमी झालं म्हणजे कुठंतरी गेलंच. हे वाक्य माह्या तिन्ही ड्रायव्हरले मी वाचून दाखवणार आहे.

कापूसकोंड्या | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०

पास! मागच्या दोन्ही चाकांचा आकडा जवळपास सारखा. झोतही हिरवा. तोच पोरगा होता, या वेळी हसला. दाखला पोर्टलवर आला आहे, मी स्वतः गाडी नंबर टाकून तपासला, ताईंची गोष्ट डोक्यात होती.

दोन फेऱ्यांचं डिझेल, फी, लायनर, सिलिंडर, मजुरी असं सगळं मिळून एजंटच्या साडेचार हजाराच्या वर गेलं. वरुडी_संत्रा, तुमचा अंतराचा हिशोब मला मान्य आहे. पण ते भाड्याचे टायर सोडा.

वरुडी_संत्रा | १७ नोव्हेंबर, रात्री ९.००

दोन टायर घेतले काल. दोन मृग बहाराचा माल निघाल्यावर. पुढचे आधी लावले.

कापूसकोंड्या | १८ नोव्हेंबर, रात्री ८.१५

आज जिनिंगला गेलो. वॉचमननं मागायच्या आधीच कागद पुढं केला. त्यानं नीट वाचला, तारीख पाहिली, मान डोलावली. मग हात पुढं करून म्हणाला, बाकीचे पाहू.

"भाऊ, पीयूसी परवा संपते."

पाना_पक्कड | १८ नोव्हेंबर, रात्री ८.१७

सहाच महिन्यांचं. लिहिलं होतं मी.